चौथा उद्गार

गेल्या महिन्यात आढाव वडिलांच्या मुलाचा फोन आला. मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, कारभार पाहणाऱ्या माणसाला आमच्यात 'वडील' म्हणतात, नात्याचा त्यात काही संबंध नसतो. मुलगा आता नाशिकला असतो, दोन मुलींचा बाप आहे. आढाव वडील जाऊन दोन वर्षं झाली, तर त्यांच्या उपदेशांची एक छोटी पुस्तिका छापावी असं त्याच्या मनात आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूनं क्रुसावर काढलेले सात उद्गार घेऊन आमच्याकडे सात जण बोलतात. त्याचे बाबा वेगवेगळ्या वर्षी सातही उद्गारांवर बोलले होते. चौथा म्हणजे 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' "सहा मिळालेत," तो म्हणाला, "चौथा कुठेच नाही. आई दवाखान्यात होती त्या वर्षी बाबा त्याच्यावर बोलले होते. तुझी आई सगळं उतरवून घ्यायची ना? बघशील का?" मी म्हणाले, बघते. फोन ठेवला, डबा भरला आणि हिंजवडीची बस पकडली.

त्या एका फोनमुळे हे प्रकरण लिहायला बसले आहे. मी बोलणारी मुलगी कधीच नव्हते, आजही नाही. मीटिंगमध्ये माझा माइक बंद असतो आणि कोणाला त्याचं आश्चर्य वाटत नाही. आयुष्यात चारचौघांसमोर उभी राहून मी एकदाच बोलले, सोळाव्या वर्षी, आणि ते एका माणसाला खाली पाडण्यासाठी बोलले. त्याबद्दल लोकांना वाटतं तेवढं वाईट मला कधी वाटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी पश्चात्ताप येईल अशी कोणी वाट बघायला नको.

आम्ही नेवाशाकडचे. पप्पांना पुण्याजवळ उरवड्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये काम मिळालं म्हणून इकडे आलो आणि हौसाकाकूंच्या बिल्डिंगमध्ये खालच्या दोन खोल्यांत राहिलो. हौसाकाकूंची भातशेती रिह्याच्या बाजूला होती, पण घरात चाललेला विषय कायम भाडेकरूंचा. वरच्या मजल्यावर कंपनीच्या पोरांसाठी म्हणून बांधलेला एक लांबलचक हॉल होता. पत्र्याचं छप्पर, एका भिंतीला मोरी, खिडकीतून डोंगर. पोरं काही टिकली नाहीत, म्हणून तो हॉल आमच्या मंडळीला रविवारपुरता मिळाला. हौसाकाकू हिंदू, पण उपासना चालू असताना जिन्याच्या वरच्या पायरीवर सूप घेऊन बसायच्या आणि तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकायच्या. पेटी वाजायला लागली की त्यांची बोटं तालावर चालत. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. कंपनीतल्या प्रेसचा जमिनीतून येणारा ठोका, पाळी सुटल्याचा भोंगा, ऊन चढलं की पत्र्याचं तडतडणं, आणि पहाटे आई कणीक मळत असली की परात फरशीवर घासल्याचा आवाज.

ती कणीक प्रभुभोजनाची असायची, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मंडळी भाकरीचा तुकडा खाते त्याची. पुण्याहून पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदाच येत, त्या रविवारी प्रभुभोजन होई, आणि त्याची भाकर आईच करत असे. नाव भाकर, पण गव्हाच्या पिठाची. तेल नाही, मीठ नाही, फक्त पाणी. जाडसर लाटायची, झाकण ठेवून मंद तव्यावर भाजायची आणि निवली की पोळपाटावर सुरीनं छोटे चौकोन कापायचे. मला लहानपणी त्या भाकरीचं फार आकर्षण होतं, कारण ती मला मिळत नसे. दृढीकरण, म्हणजे जाणत्या वयात मंडळीपुढे आपला विश्वास कबूल करणं, झाल्याशिवाय मुलांना प्रभुभोजन देत नाहीत. कडेचे वेडेवाकडे तुकडे आई माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "ही अजून नुसती पोळी आहे, खा."

आईचं दुसरं काम वहीचं. गावाकडे ती बालवाडीत शिकवायची आणि तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. पाळक येत नसत त्या रविवारी आढाव वडील उपदेश करत, आणि काय सांगितलं गेलं ते पाळकांना कळावं म्हणून आई गुडघ्यावर वही ठेवून सगळं उतरवून घेई. जाड पुठ्ठ्याच्या लांब वह्या, ओळीनं लावलेल्या. आढाव वडील कंपनीत क्वालिटीला होते. दिवसभर तपासणीच्या कागदांवर बरोबरच्या खुणा करून त्यांचा हात असा वळला होता की आईनं वही पुढे केली की ते प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक खूण करत, खाली 'तपासले' लिहीत आणि या. आ. अशी सही ठोकत. वाचताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. पान उलटायचं, खूण, सही. पान उलटायचं, खूण, सही.

मी दहावीत होते त्या डिसेंबरात मंडळीतल्या एका नव्या सुनेचं बाळ गेलं. अकरा दिवसांचं होतं. बुधवारच्या प्रार्थनेला ती पहिल्यांदा आली आणि भिंतीला टेकून बसली. आढाव वडील तिला उद्देशून म्हणाले की देवाला सगळं ठाऊक असतं, त्यानं काहीतरी योजून ठेवलेलं आहे, रडणं म्हणजे अविश्वास. ती मुलगी रडायची थांबली आणि तिचा चेहरा असा झाला की मी मान वळवली. तेव्हा आई बोलली. आई कधी मध्ये बोलत नसे. ती म्हणाली, "प्रभूलासुद्धा सगळं ठाऊक नव्हतं, पोरी. शेवटचा दिवस कधी ते मला माहीत नाही, बापाला माहीत, असं तो स्वतः सांगून गेला. न कळण्याइतका तो खाली आला. तरी तो देवच. म्हणून त्याच्यापुढे रडता येतं."

ती मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळी रडली. आढाव वडिलांनी प्रार्थना आवरती घेतली. पुढच्या रविवारी त्यांनी पाळकांना सांगितलं, आणि पाळकांनी खुर्चीतून न उठता निकाल दिला. देवाच्या पुत्राला अज्ञानी म्हणणं म्हणजे तो देव नाही म्हणणं. विमलताईंनी, म्हणजे आईनं, मंडळीपुढे उभं राहून आपण चुकलो असं म्हणावं, तोवर त्यांना प्रभुभोजन नाही. ही कल्पना आढाव वडिलांची होती हे सगळ्यांना कळत होतं. पाळकांना त्या दिवशी अजून दोन गावं करायची होती.

आई चुकले म्हणाली नाही. आपलं बरोबर आहे असंही म्हणाली नाही. जानेवारीत प्रभुभोजनाचं ताट आमच्या रांगेतून फिरलं, पप्पांपाशी थांबलं, आईला वगळून शेजारणीकडे गेलं. फेब्रुवारीत तसंच. मार्चमध्ये तसंच. आणि तिन्ही वेळा त्या ताटातली भाकर पहाटे उठून आईनंच केलेली होती. ते काम दुसऱ्या कोणाला द्यावं असं आढाव वडिलांच्या मनातही आलं नाही. तिचे हात चालत होते, तिचं तोंड तेवढं चालत नव्हतं. पप्पा मान खाली घालून आपला तुकडा खात. भांडण त्यांना कधी झेपलं नाही, आणि त्या दिवसांत मी त्यांच्याकडेही बघत नसे.

पहिल्यांदा मला सुचला तो सूड अगदी स्वयंपाकघरातला होता. मार्चच्या त्या पहाटे मी आईला म्हणाले, पिठात मूठभर मीठ टाक. सगळ्यांची तोंडं वाकडी होऊ देत. आईनं कणीक मळणं थांबवलं नाही. म्हणाली, "भाकर काही आढावांची नाही." हौसाकाकूंनी मात्र मला त्याच दिवशी जिन्यात गाठलं. "किरपे, तुज्या आईला का गं वगळत्यात?" मी जमेल तसं सांगितलं. कृपा हे माझं नाव त्यांच्या तोंडी कायम किरपा असायचं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचार केला. "आगं पन तुमचा देव क्रुसावरनं हाक मारतुया न्हवं, का सोडलंस म्हनून? त्योच देव हाय तर हाक कुनाला मारतुया? इचार की त्या आडावाला."

त्यांनी ते सहज म्हटलं. मी ते उचललं.

घरी शास्त्र, म्हणजे बायबल, आम्ही त्या भाकरीसारखं चौकोन चौकोन करून वाचायचो. रविवारी एक तुकडा, बुधवारी एक तुकडा. सलग कोणी वाचत नाही. माझ्याकडे शाळेत बक्षीस मिळालेलं एक इंग्रजी बायबल होतं, प्रत्येक पुस्तकाच्या आधी छोटी प्रस्तावना असलेलं. दहावीची परीक्षा संपली आणि मी ते घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायला लागले. मन शांत व्हावं म्हणून नव्हे. मला दगड गोळा करायचे होते.

येशूची हकिगत सांगणारी जी चार शुभवर्तमानं आहेत त्यांतलं मार्काचं मी एका बैठकीत वाचलं आणि थक्क झाले. त्यात नाताळच नाही. गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. येशू येतो तो थेट मोठा माणूस म्हणून, योहानाकडून बाप्तिस्मा घ्यायला, आणि आकाशातला आवाज त्याला सांगतो की तू माझा पुत्र आहेस. तो समुद्राला दटावतो, पापांची क्षमा करतो, आणि भोवतालची माणसं घाबरून एकमेकांना विचारत राहतात की हा आहे तरी कोण. पण हाच येशू गर्दीत विचारतो, मला कोणी शिवलं. आपल्या गावात त्याच्या हातून फारसं काही होत नाही. एका आंधळ्याला त्याला दोनदा हात लावावा लागतो. कोणी चांगला गुरू म्हटलं तर तो म्हणतो, मला चांगला का म्हणतोस, चांगला एक देवच. आईनं सांगितलेलं वाक्य तर तिथे जसंच्या तसं होतं, त्या दिवसाविषयी पुत्रालाही माहीत नाही. मी प्रत्येक जागी पेन्सिलीनं रेघ मारली. प्रस्तावनेत लिहिलं होतं की चारांमध्ये हे सगळ्यांत आधी लिहिलेलं असावं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मग शुभवर्तमान लिहिणारा दुसरा योहान वाचला. तो आढाव वडिलांचा लाडका. तिथे येशू जगाच्या आधीपासून आहे, देवापाशी आहे, देवच आहे. शिपाई धरायला येतात आणि त्याचं एक वाक्य ऐकून मागे सरून जमिनीवर पडतात. क्रूस तो स्वतः वाहतो. 'का सोडलंस' असं तो म्हणत नाही, 'पूर्ण झालं' म्हणतो. बोटं घालून बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा शिष्य थोमा शेवटी त्याला तोंडावर देव म्हणतो. मी मनात मांडणी केली. आधीचा येशू माणूस, नंतरचा देव. पायरी पायरीनं वर चढवलेला. हे मंडळीपुढे वाचून दाखवायचं आणि आढाव वडिलांच्या हातातला सर्वज्ञ देव काढून घ्यायचा. सोळाव्या वर्षी मला हे फार धारदार वाटलं.

ते मोडलं पौलानं, मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतल्या प्रेषितानं. फिलिप्पैच्या लोकांना लिहिलेलं त्याचं पत्र मार्काच्याही आधीचं, असं त्याच बायबलच्या प्रस्तावनेत होतं, आणि त्या पत्रात येशू आभाळाएवढा उंच आहे. देवाच्या बरोबरीचा असून त्यानं ती बरोबरी धरून ठेवली नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, मरणापर्यंत, क्रुसावरच्या मरणापर्यंत खाली गेला, आणि म्हणून प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकावा. सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत उंच एकाच ठिकाणी. माझा जिना कोसळला. मला पौलाचा मनापासून राग आला. मी पुन्हा मार्काकडे गेले, आणि तेव्हा एक गोष्ट दिसली जी मी घाईत ओलांडली होती. मार्कात भुतं त्याला ओळखतात, आकाशातला आवाज त्याला ओळखतो, पण त्याला देवाचा पुत्र म्हणणारं पहिलं माणूस म्हणजे त्याला मारणारा रोमी शिपाई. आणि तो ते म्हणतो कधी, तर येशू 'का सोडलंस' असं ओरडून मरतो ते समोर उभं राहून पाहिल्यावर. चमत्कार पाहून नव्हे. म्हणजे तो प्रश्न देवपणाच्या आड येत नव्हता. मार्काला देवपण तिथेच दाखवायचं होतं. आई जे एका वाक्यात बोलली होती ते पौलानं आणि मार्कानं दोन बाजूंनी लिहून ठेवलं होतं. मग मला प्रश्न पडला की आईला हे कुठून मिळालं. ती इंग्रजी प्रस्तावना वाचत नव्हती.

उत्तर कपाटावरच्या वह्यांत होतं. दोन दुपारी मी जुन्या वह्या चाळल्या. मी नऊ वर्षांची असतानाच्या एका वहीत, उत्तम शुक्रवार, चौथा उद्गार, असं शीर्षक होतं आणि खाली आईच्या सुबक अक्षरात साडेतीन पानं. त्यात आईचं वाक्य होतं. न कळण्याइतका तो खाली आला, तरी तो देवच. बोलणारा, याकोब आढाव. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात खूण, तपासले, या. आ.

ते मी किती वेळा वाचलं असेल. आणि शेवटच्या सात ओळी तर पाठच झाल्या, ज्यांत ते आपल्या बायकोविषयी बोलले होते. त्या वर्षी त्या ससूनला होत्या आणि पावसाळ्याआधी गेल्या. मंडळीत तेव्हा आढावांचं सोडून चारच कुटुंबं होती, त्यांतली तीन पुढे पिंपरीकडे निघून गेली, पप्पांची त्या शुक्रवारी पाळी होती. ऐकणारं म्हणून आता आई एकटी उरली होती. बायको गेल्यावर आढाव वडिलांना काही ठाऊक नसलेला देव नकोसा झाला असावा आणि त्यांनी सगळं ठाऊक असलेला घट्ट धरला असावा. हे मला आज समजतं. तेव्हाही थोडं समजलं होतं. समजलं म्हणून राग जातो असं काही नाही.

त्या वर्षी उद्गार कोणी बोलायचे ते चिठ्ठ्यांनी ठरलं. चौथा नेहमी आढाव वडील टाळत आणि कोणातरी पाहुण्यावर ढकलत, म्हणून तो चिठ्ठीत होता. तो पप्पांना आला. पप्पांनी चिठ्ठी उघडली आणि ती त्यांच्या हातून खाली पडली. मी ती उचलली आणि म्हणाले की पप्पांच्या ऐवजी मी बोलते. हॉलमध्ये माझा आवाज अनेकांनी पहिल्यांदाच ऐकला. आढाव वडील हसले. "तू बोलणार? पहिल्या रांगेत तरी ऐकू येईल का?" लोक हसले. आई हसली नाही. वडील म्हणाले, बोल, पण लिहून आण, मी तपासून देईन.

त्यांचीच साडेतीन पानं मी माझ्या अक्षरात उतरवली. शेवटच्या सात ओळी तेवढ्या गाळल्या. गुरुवारी दुपारी कंपनीच्या गेटवर नेऊन दिली. ते घाईत होते, बाहेर माल भरलेली गाडी उभी होती. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी खूण, सही, खूण, सही केली आणि म्हणाले, "आवाज मोठा ठेव." मी हो म्हणाले.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन आम्ही पाणीसुद्धा घेत नाही. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, चाळीस माणसं, आणि पेटीचा भाता दाबणाऱ्याच्या कोपरातून टपकणारा घाम. काळं कापड घातलेला लाकडी क्रूस मोरीच्या बाजूला उभा केला होता. जिन्यावर हौसाकाकू. तिसरा उद्गार संपला, गीत झालं आणि मी उठले. आवाज कापत नव्हता, याचं मलाच नवल वाटलं. मी वाचायला लागले. पहिलं पान शांतपणे गेलं. दुसऱ्या पानावर ते वाक्य आलं. प्रभूला ठाऊक नव्हतं. तो खरंच विचारत होता, नाटक करत नव्हता. न कळण्याइतका तो खाली आला, तरी तो देवच.

आढाव वडील खुर्चीतून उठले. "थांब," ते म्हणाले. "हे कोणी शिकवलं तुला? आईनं?"

मी थांबले. त्यांनी मंडळीकडे वळून सांगायला सुरुवात केली की बघा, एका घरात चूक शिरली की पोराबाळांपर्यंत जाते, हे पाखंड आहे, उत्तम शुक्रवारी क्रुसापुढे उभं राहून ही मुलगी देवाच्या पुत्राचा अपमान करते आहे. मी त्यांना बोलू दिलं. पूर्ण बोलू दिलं. जितकं जास्त बोलतील तितकं मला हवं होतं. मग मी म्हणाले, "तुम्ही तपासलंय, काका," आणि सही असलेला कोपरा पुढे केला. ते म्हणाले की घाईत झालं असेल. मी पिशवीतून आईची वही काढली. म्हणाले, "घाईत दोनदा झालं. हे बोललातही तुम्हीच. ही तुमची सही."

जिन्यावरून हौसाकाकूंचा आवाज आला. "मंग आता कुनाला वगळायचं म्हनायचं?" दोन-तीन बायका पदरात हसल्या. तिथेच मी थांबू शकले असते. माझं काम झालं होतं. आढाव वडिलांनी वहीकडे हात केला होता आणि तो हवेतच राहिला होता, त्यांना आठवलं होतं, मला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आईनं मागून हळू म्हटलं, "कृपा, बस." मी बसले नाही. मी गाळलेल्या सात ओळी वाचल्या. बायको दवाखान्यात मला विचारते, मी बरी होईन ना. मला माहीत नाही. तिच्यासमोर मी हो म्हणतो आणि बाहेर येऊन भिंतीला डोकं लावतो. ज्या देवाला सगळं ठाऊक आहे त्याच्यापुढे मला आज उभं राहवत नाही. पण ज्याला ठाऊक नव्हतं आणि जो विचारत विचारत मेला, त्याच्यापुढे मी गुडघे टेकतो. तोच माझा देव. दुसरा मला नको.

प्रेसचा ठोका ऐकू येत होता. पाचवा उद्गार ज्याच्याकडे होता तो उठलाच नाही. आढाव वडील खुर्चीवर बसले, मग उठले, आणि माणसांच्या पायांमधून वाट काढत जिन्याकडे गेले. हौसाकाकूंनी सूप ओढून त्यांना जागा दिली. खाली त्यांची स्कूटर तीन-चार किकांनंतर सुरू झाली. ती प्रत्येक किक मी मोजली आणि मला प्रत्येकीचा आनंद झाला.

आईनं माझ्या हातातून वही घेतली आणि पदराखाली धरली. तीनपर्यंत गीतं म्हणत कशीबशी उपासना पूर्ण झाली. घरी येऊन तिनं माझ्यासमोर ताक-भात ठेवला, आणि मी कौतुकाची वाट बघत होते तेव्हा म्हणाली, "तीन महिने मला ठाऊक होतं. ते पान मीच लिहिलंय. तुला काय वाटलं, मी विसरले?" मी विचारलं की मग तू दाखवलं का नाहीस. ती म्हणाली, "एकाचं रडणं दुसऱ्याला मारायला वापरायचं नसतं." मी भात खाल्ला. सकाळपासून उपाशी होते, आणि तो मला चांगला लागला.

ईस्टरला पाळक आले. त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं होतं, विमलताईंवरची बंदी उठवली असं त्यांनी घाईघाईनं जाहीर केलं. भाकर आईनंच केली होती. माझं दृढीकरण त्याच सकाळी झालं होतं, माझं ते पहिलं प्रभुभोजन, आणि आईशेजारी बसून ते घ्यायचं हे आम्ही दोघींनी वर्षभर ठरवलेलं. आढाव वडील शेवटच्या रांगेत भिंतीपाशी बसले होते. ताट त्यांच्याकडे गेलं तेव्हा त्यांनी हात जोडून नको म्हटलं. ताट आईकडे आलं. आईनं मागे वळून पाहिलं आणि पाळकांना म्हणाली, "आढाव वडील घेतील तेव्हा मी घेईन." पाळक गोंधळले, आणि ताट माझ्यापुढे आलं.

मी घेतलं. मिठाशिवायचा कोरडा चौकोन, कडेच्या तुकड्यांसारखाच लागणारा. मी मान वळवली आणि आढाव वडिलांकडे बघत तो सावकाश चावला. त्यांनी मान खाली घातली. मी घातली नाही.

आई आणि आढाव वडील पुढे प्रभुभोजन घ्यायला लागले. जुलैत कधीतरी, मी अकरावीला पुण्यात होस्टेलवर गेल्यावर. मला घरातून कोणी कळवलं नाही. दिवाळीला आले तेव्हा हौसाकाकूंनी सांगितलं, "आडाव आलता की तुमच्याकडं. तुजी आई आनि त्यो लई येळ बसल्याली. दोगंबी रडत व्हती." काय बोलले ते मी आईला विचारलं नाही, आणि तिनं जाईपर्यंत सांगितलं नाही. त्यांचं मिटलं. माझं तिथेच राहिलं. आजही मंडळीत ताट माझ्यापुढे आलं की मला ती मार्चमधली रांग आठवते, पप्पा, मधली रिकामी जागा, शेजारीण, आणि घास उतरताना पहिल्यासारखाच कडक असतो.

आईनंतर घरात उरलेल्या वह्या माझ्याकडे आल्या. सहा उद्गार ज्यांत आहेत त्या नाशिकच्या मुलानं आधीच मिळवल्या आहेत, पाळकांच्या कार्यालयातून. चौथा उद्गार असलेली वही माझ्या लोखंडी कपाटात आईच्या दोन साड्यांखाली आहे. काल काढून पुन्हा वाचली. याकोब आढावांनी आयुष्यभर जे काही सांगितलं त्यात ही साडेतीन पानं सगळ्यांत चांगली आहेत, हे मला ठामपणे सांगता येतं. बाकीचे सहा मी वाचले आहेत. त्यांत सगळं ठाऊक असलेला देव आहे, आणि त्याला कोणाची गरज पडत नाही. छापलं तर लोक या एका उपदेशासाठी त्यांना लक्षात ठेवतील. माझ्या आईचं वाक्य त्यांचं म्हणून फळ्यावर लिहितील.

ज्यासाठी तिला तीन महिने उपाशी ठेवलं, ते वाक्य.

परवा मुलाचा पुन्हा फोन आला. छापखान्यात मजकूर द्यायचाय, तो म्हणाला, आमच्या आईची तेवढीच एक आठवण होती गं त्यात, सापडली का. मी खिडकीपाशी उभी होते. कपाट उघडंच होतं, साडीची घडी थोडी वर आलेली. मी म्हणाले, नाही रे, सगळं बघितलं. सहाच छाप.